जोडीची की मजल्याची

आमच्याकडे गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न एकच असतो. जोडीची की मजल्याची? बंदुकीच्या दोन नळ्या शेजारी-शेजारी असल्या तर ती जोडीची, एकावर एक असल्या तर ती मजल्याची. ही नावं बाबांनी पाडलेली, आणि त्यातलं दुसरं शिवी दिल्यासारखं उच्चारायचं असा वर्कशॉपचा रिवाज. "मजल्याची हवी असेल तर पलीकडच्या गल्लीत नळ दुरुस्त करणारा बसतो, त्याच्याकडे जा," असं ते गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचे. गिऱ्हाईक हसायचं. मी मागच्या खोलीत बंदुकीचा लाकडी दस्ता घासत असायचे. तीस वर्षं तोच विनोद ऐकून मला त्याचा वीट आला होता.

मी त्यांची मोठी मुलगी. घरात मला कानस म्हणतात, कारण मी तोंड उघडलं की समोरच्याचं काहीतरी झिजतं म्हणे. असेल. लग्न केलं, दोन वर्षांत मोडलं, परत आले आणि मागच्या खोलीत कामाला बसले ती बसलेच. धाकट्या भावाला मात्र राजा म्हणतात. तो दुसऱ्या शहरात बाथरूमच्या फरशा विकतो. वर्षातून दोनदा यायचा, नळी आभाळाकडे धरून आतून बघायचा, "वा, काय चकाकी आहे" म्हणायचा, आणि बाबांचा चेहरा असा काही फुलायचा की विचारू नका. ती चकाकी आणायला मला चार दिवस लागलेले असायचे.

एकदा मी अक्रोडाच्या लाकडाचा एक दस्ता केला. सात महिने लागले. घेणारा माणूस जाणकार होता, त्याने दस्त्यावरून तळवा फिरवला, डोळे मिटले आणि म्हणाला, "हा कोणाचा हात?" मी तिथेच उभी होते, कोपरापर्यंत भुसा लागलेला. बाबा म्हणाले, "माझ्या मुलाचा." तो गेल्यावर मी विचारलं, तर म्हणाले, "बाईने केलाय म्हटलं असतं तर त्याला लगेच त्यात खोट दिसली असती. तुझ्याच कामाचं भलं केलं मी." आणि जेवायला बसले. मी पण बसले. काय करणार होते?

तरी हे सगळं मी गिळलं असतं. खरंच गिळलं असतं. पण गेल्या हिवाळ्यात ताटावर बसल्या-बसल्या ते सहज म्हणाले, "पुढच्या महिन्यात वर्कशॉपच्या लायसनचं नूतनीकरण आहे. राजाचं नाव घालतोय. त्यानेही नेमबाजीचं कार्ड काढलंय आता."

"आणि मी?"

"तू आहेसच की मागे. तू कुठे जाणार आहेस?"

हे त्यांनी वाईट मनाने म्हटलं नव्हतं, तेच तर डोक्यात गेलं. 

आता नियम सांगते, कारण पुढचं सगळं त्या नियमावर आहे. बंदुकीचं वर्कशॉप ज्याच्या नावावर, त्याच्याकडे नेमबाजीचं कार्ड असायलाच हवं. सत्तरी ओलांडली की ते कार्ड दर वर्षी परीक्षा देऊन टिकवावं लागतं. मैदानावर समोरच्या खड्ड्यातून मातीच्या बशा उडवतात, पंचवीस. त्यातल्या पंधरा फोडायच्या. चौदा फुटल्या तर कार्ड गेलं. आणि मालकाचं कार्ड गेलं, तर लायसन आपोआप त्या वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्या सर्वांत जुन्या कार्डवाल्याकडे जातं. आमच्याकडे कार्ड असलेली तशी एकच व्यक्ती होती, मी. बाबांची परीक्षा नूतनीकरणाच्या आठ दिवस आधी होती.

बाबा बहात्तर वर्षांचे. एके काळी पंचवीसच्या पंचवीस फोडून वर घड्याळाकडे बघणारा माणूस. पण त्या दिवसांत सरावाला जायचे आणि परत यायचे तेव्हा बंदूक जोरात टेबलावर ठेवायचे. तेरा. बारा. एकदा चौदा. नंतर आकडा सांगायचेच बंद झाले.

आणि मग एका दुपारी ते मागच्या खोलीत आले. दार लावून घेतलं. माझ्या समोरच्या स्टुलावर बसले, ज्यावर ते कधी बसत नाहीत, आणि बराच वेळ पॉलिशच्या डब्याचं झाकण फिरवत राहिले.

"कानस," ते म्हणाले, "मजल्याची घेऊ का?"

मला आधी वाटलं, चेष्टा करतायत. पण मान खाली होती. मजल्याच्या बंदुकीला आयुष्यभर नावं ठेवलेला माणूस माझ्यापुढे येऊन विचारत होता, तेसुद्धा दार लावून. त्या घडीला माझं मन हललं, नाही असं नाही. मी म्हटलं, "आधी मापं घेऊ."

मापं घ्यायची आमची रीत अशी. एक मापाची बंदूक असते, रिकामी, तिचा दस्ता स्क्रूने लांब-आखूड, वर-खाली होतो. गिऱ्हाइकाने ती खांद्याला लावायची आणि समोर उभ्या राहिलेल्या मापाऱ्याच्या डोळ्यावर रोखायची. मापारी नळीच्या तोंडावरून सरळ मागे बघतो. गिऱ्हाइकाचा कुठला डोळा नळीच्या रेषेत बसलाय, ते त्याला दिसतं. उजव्या खांद्याला बंदूक, तर उजवा डोळा बसायला हवा. दोन्ही डोळे उघडे असतात, पण कारभार एकच डोळा बघतो. कारभारी डोळा दुसराच निघाला की नळी आपोआप बाजूला जाते आणि माणसाला पत्ताही लागत नाही.

बाबांनी बंदूक उचलली. खांदा, गाल, मनगट, सगळं अजून कसं जिथल्या तिथे. हात तर दगडासारखे स्थिर. मी नळीच्या समोर वाकले आणि वर बघितलं.

रेषेत डावा डोळा होता.

उजव्या बुबुळावर दुधाची साय धरल्यासारखं पांढरट दिसत होतं. मोतीबिंदू, अजून कच्चा, बशी दिसण्यापुरती नजर शाबूत. रोज समोर बसून जेवणाऱ्या माणसाचा, आणि मला दिसला तो त्या दिवशी. उजवा डोळा हळूहळू मागे पडला होता, डाव्याने गुपचूप कारभार हातात घेतला होता, आणि छर्रे सगळे वीतभर डावीकडून जात होते. बाबांना म्हातारपण आलं म्हणून बशा सुटत नव्हत्या. चष्म्याच्या डाव्या काचेला बोटभर चिकटपट्टी लावली की काम झालं. आम्हीच कितीतरी गिऱ्हाइकांना लावून दिली होती.

तुम्ही विचाराल, एवढ्या मुरलेल्या कारागिराला हे कळलं कसं नाही? त्याचं उत्तर सोपं आहे. ज्याने चाळीस वर्षं लोकांचे डोळे तपासले, तो स्वतःचा कशाला तपासेल? शिवाय जोडीच्या बंदुकीत ही चूक लपते. डोळ्यांसमोर नळ्यांची रुंद फळी असते, कुठल्याही डोळ्याने बघा, फळी दिसतेच. मजल्याच्या बंदुकीत वर एकच अरुंद पट्टी. भलत्या डोळ्याने बघितलं की एकावर एक रचलेल्या नळ्यांची उभी भिंत दिसते आणि माणूस म्हणतो, अरे, हे काय! बाबांनी मजल्याची उचलली असती, तर पहिल्याच मिनिटाला त्यांना सगळं उमगलं असतं.

"काय गं? डोळा कसा आहे?" त्यांनी नळीच्या मागून विचारलं.

मी कमरेत वाकलेली होते. माझ्या मनात ताटावरचं ते वाक्य आलं. तू कुठे जाणार आहेस?

"उजवाच आहे," मी म्हटलं. "एकदम रेषेत."

"मग बंदूक बदलू?"

"कशाला? तुमच्या हाताला जोडीचीच शोभते. त्या पायपांच्या नादाला या वयात लागू नका."

त्यांचा चेहरा काय उजळला म्हणून सांगू! माझ्या खांद्यावर हात ठेवला. आठवत नाही याआधी कधी ठेवला होता. "तू म्हणतेस ना, मग झालं तर," म्हणाले, आणि दार उघडून शीळ घालत बाहेर गेले. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त बरं वाटलं, आणि मी ते लपवणार नाही.

परीक्षेच्या दिवशी ऊन होतं, वारा नव्हता. मैदानावर परीक्षक, बशा उडवणाऱ्या यंत्राजवळचा माणूस, बाकावर बाबांच्या वयाचे दोन-तीन नेमबाज, आणि मी. मी बाबांच्या उजव्या खांद्यामागे दोन पावलांवर उभी राहिले. तिथे कोणीतरी उभं राहायची मुभा असते. कारण बार उडवणाऱ्याला स्वतःचे छर्रे दिसत नाहीत. मागे उभ्या राहिलेल्याला, नजर तयार असेल तर, हवेत करड्या धुराचा ठिपका पळताना दिसतो. बशी चुकली की नेमबाज मागे न बघता विचारतो, "कुठे?" आणि मागचा एका शब्दात सांगतो. वर, खाली, डावी, उजवी. मागच्याशी वाद घालायचा नाही, हा बाबांनीच घालून दिलेला दंडक. या दंडकापायी त्यांनी चांगले-चांगले शिष्य मैदानातून हाकलले होते. "मागचा सांगेल ते खरं, नाहीतर घरी जाऊन गोट्या खेळा," असं ओरडायचे.

पहिल्या पाच बशांत एकच फुटली. बाकावरची कुजबुज थांबली.

"कुठे?" बाबांनी विचारलं.

ठिपका मला स्वच्छ दिसला होता. वीतभर डावीकडे, चारही वेळा. एक शब्द टाकला असता तर त्यांनी तिथल्या तिथे डावा डोळा मिटला असता आणि उरलेल्या वीसमधल्या अठरा फोडल्या असत्या. वेळ गेलेली नव्हती.

"खाली," मी म्हटलं.

बशी वर चढत पळते. छर्रे तिच्या खालून जातात याचा अर्थ आमच्या धंद्यात एकच होतो, हात उचलायला उशीर होतोय. म्हणजे वय. त्यांनी मान हलवली आणि पुढची बशी आली तसे हात झटक्याने वर नेले. बार वरून गेला, आणि डावीकडूनही.

"कुठे?"

"खालीच. अजून लवकर."

मग ते घाई करायला लागले. मी त्यांना कधी घाई करताना बघितलं नव्हतं. मानेवर घाम आला. काडतुसं भरताना एक हातातून निसटून गवतात पडलं, ते उचलायला वाकले तेव्हा बाकावरचा एक म्हातारा दुसरीकडे बघायला लागला. मधूनच एखादी बशी आपणहून डावीकडे झुकून निघायची आणि फुटायची, तेव्हा ते सुटकेचा श्वास सोडायचे. पुढची परत चुकायची. "कुठे?" "खाली." "कुठे?" "खाली." शेवटी-शेवटी त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मी पुढे सरकून ऐकत होते.

पंचवीसपैकी सात.

परीक्षक भला माणूस. कागद घेऊन आला आणि म्हणाला, "उस्ताद, आठ दिवसांत एकदा फेरपरीक्षा मागता येते. पण अर्जात कारण लिहावं लागेल. बंदुकीत दोष होता, नाहीतर डोळ्याचा त्रास होता, असं काहीतरी. आणि अर्ज आजच, खिडकी बंद व्हायच्या आत द्यायचा. नाहीतर कार्ड इथेच जमा."

"बंदुकीत दोष नाही," बाबा म्हणाले. "हिने बघून दिलीय."

ते बाकावर बसले. बाकीचे उठून लांब गेले, मान राखायला. मी शेजारी बसले. अर्जाचा कागद त्यांच्या मांडीवर, पेन माझ्या हातात. दूरवर खिडकीतला माणूस मनगटावरचं घड्याळ बघत होता.

"एक विचारतो," बाबा म्हणाले. "नीट आठवून सांग. सगळे छर्रे खालूनच गेले? एकही डावीकडून नाही?"

 म्हणजे त्यांच्या मनात आलं होतं.

"का हो?"

"डावीकडून गेले असतील तर भानगड डोळ्याची. डोळ्याला पट्टी लावता येते, पुढच्या आठवड्यात परत उभा राहतो. आत्ता सही करतो." त्यांनी दोन्ही हात समोर धरले आणि उलटेपालटे करून बघितले. "पण खालून गेले असतील तर हे संपले. मग कशाला उगाच लोकांपुढे दुसऱ्यांदा शोभा करून घ्यायची?"

त्यांचे हात थरथरत नव्हते. मी अगदी जवळून बघितले. इतक्या बशा चुकल्यावरसुद्धा एक बोट हलत नव्हतं.

मला लायसन मिळणार होतं. मिळाल्यातच जमा होतं. दहा मिनिटं गप्प बसले असते तरी मिळालं असतं. पण ते माझ्याकडे बघत होते, उत्तर हवं होतं, आणि त्यांनी मला आयुष्यात इतक्या आशेने कधी काही विचारलं नव्हतं.

"सगळे खालून, बाबा," मी म्हटलं. "एकूण एक."

त्यांनी कागदाची घडी घातली. अगदी कोपऱ्याला कोपरा जुळवून. मग म्हणाले, "बरं झालं तू होतीस. राजा असता तर मला बरं वाटावं म्हणून खोटं बोलला असता."

उठले, खिडकीपाशी गेले आणि कार्ड देऊन आले.

अकराव्या दिवशी लायसन माझ्या नावावर झालं. राजाचा फोन आला, दहा मिनिटं तडतडला, मग त्याच्या फरशांकडे वळला. मी पाटी बदलली. गिऱ्हाइकाने दस्त्यावरून हात फिरवून विचारलं की मी सांगते, "माझा." फार गोड लागतं ते अजून. लोक मजल्याच्या बंदुका मागतात, मी बनवते, आणि पलीकडच्या गल्लीतल्या माणसाचा विनोद आमच्याकडे आता कोणी करत नाही.

पण एक गोष्ट माझ्या हिशेबात नव्हती. मला वाटलं होतं, कार्ड गेलं तरी बाबा सकाळी येतील, खुर्चीत बसतील, माझ्या कामात खोट काढतील. बंदुकीला हात लावायची त्यांना बंदी होती, लाकडाला नव्हती. मी त्यांचं टेबल खिडकीजवळ लावून ठेवलं, रंधा धार काढून ठेवला. ते आलेच नाहीत. "नको गं," म्हणाले. "या हातांनी एखाद्या चांगल्या लाकडाचा सत्यानाश व्हायचा."

आधी रंधा सुटला. मग दाढी, न्हाव्याकडे जायला लागले. मग म्हणाले, पेला काचेचा नको, स्टीलचा दे, पडेल. पडला कधीच नव्हता. पण महिन्याभरात खरंच पडायला लागला, कारण ते पेल्याकडे भीतभीत बघत तो उचलायचे. जेवताना डावा हात उजव्या मनगटाला आधार द्यायचा. शेजारीपाजारी हळहळले, "वय झालं हो." मी पण हळहळले त्यांच्याबरोबर.

उन्हाळ्यात राजाने त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढला. आठवड्याने पट्टी सुटली तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आजोबा, आता सुईत दोरा ओवाल." राजा खूश झाला. म्हणाला, "बाबा, डोळा नवा झालाय. परत अर्ज करा की कार्डाला! मी येतो बरोबर."

मी दारात उभी होते. मी घाबरले, खोटं कशाला बोलू?

बाबांनी हसून मान हलवली. "डोळ्याने काय होणार आहे, राजा? माझे छर्रे सगळे खालून जात होते. ही होती ना मागे. हात गेलेत माझे, डोळा नाही." राजाने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

आता रोज सकाळी कामाला निघायच्या आधी मी त्यांच्या खोलीत जाते. ते पलंगाच्या कडेवर, सदरा अंगात घालून, दोन्ही हात पुढे करून वाट बघत बसलेले असतात. मी बाह्यांची बटणं लावते. मनगटं अजून तशीच जाड आहेत, नाडी संथ चालते. माझी बोटं तिथे असेपर्यंत त्यांचे हात कापतसुद्धा नाहीत. "तुमचे हात चांगले आहेत," एवढंच म्हणायचंय. तोंडाशी येतं. पण म्हटलं की ते विचारणार, मग छर्रे खालून का गेले? म्हणून मी दुसऱ्या बाहीचं बटण लावते आणि दुकान उघडायला जाते.